गोळी, पट्टा, थेंब की धुणं : गोचीडतापाच्या बाजाराची झडती

दुकानात गोचिडासाठी काही मागितलं की काउंटरवर चार प्रकार येतात. चघळायची गोळी, गळ्यातला पट्टा, मानेवर टाकायचे थेंब, आणि पाण्यात कालवून अंगावर घालायचं औषध. खोक्यांवर किती टक्के गोचीड मरतात ते ठळक छापलेलं असतं. ताप मात्र येतो तो चाव्यातून. म्हणून इथे प्रत्येक उत्पादनाला आम्ही एकच प्रश्न विचारला आहे: गोचीड चावायच्या आधी मरतो की चावल्यावर, आणि चावल्यावर असेल तर किती तासांनी?

तासांचा हिशेब आधी मांडू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडच्या कुत्र्यांवर मुख्यतः तपकिरी गोचीड सापडतो, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. त्याच्या लाळेतून एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू कुत्र्यात उतरतो आणि रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत घर करतो. दवाखान्यात ‘टिक फिव्हर’ म्हणतात तो बऱ्याचदा हाच. प्रयोगांमध्ये संसर्गित गोचीड चिकटल्यापासून अवघ्या ३ तासांत हा जिवाणू कुत्र्यात पोचलेला दिसला आहे. याउलट अमेरिकेतला लाइम आजार घ्या. तिथला काळ्या पायांचा गोचीड बोरेलिया जिवाणू सोडायला साधारण २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ घेतो. म्हणजे तीच गोळी न्यू जर्सीतल्या मराठी घरच्या कुत्र्याला लाइमपासून जवळजवळ पूर्ण वाचवू शकते आणि पुण्यातल्या कुत्र्याला एर्लिकियापासून अर्धवटच. परदेशी संकेतस्थळांवरचे पाच तारे वाचून गोळी घेणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

गोळ्या

बाजारात तीन नावं सतत ऐकू येतात: ब्रॅव्हेक्टो (फ्लुरॅलॅनर), नेक्सगार्ड (अफॉक्सोलॅनर) आणि सिम्पॅरिका (सॅरोलॅनर). तिन्ही एकाच कुळातली, आयसॉक्झॅझोलिन. औषध कुत्र्याच्या रक्तात फिरतं, गोचीड रक्त ओढतो, त्याच्या चेतातंतूंचं नियंत्रण सुटतं आणि तो आखडून मरतो. म्हणजे चावा होतोच. मरायला लागणारा वेळ औषध, गोचिडाची जात आणि डोस देऊन किती दिवस झाले यांवर बदलतो. ढोबळ मानाने ८ ते २४ तास धरावेत, डोसचा काळ संपत आला की त्याहून जास्त. एर्लिकियाच्या ३ तासांपुढे ही गोळी उशिराच पोचते.

तरीही आमच्या यादीत गोळी पहिल्या क्रमांकावर आहे. हा गोचीड आयुष्यात तीन वेळा पोट भरतो: अळी असताना, मग पिल्लू गोचीड असताना आणि शेवटी प्रौढ झाल्यावर. दर वेळी कुत्र्यावरून खाली उतरून भिंतीच्या फटीत कात टाकतो. एर्लिकिया आईकडून अंड्यात जात नाही. आजारी कुत्र्याचं रक्त पिऊन अळी किंवा पिल्लू संसर्गित होतं आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या कुत्र्याला चावतं. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना गोळी चालू असेल तर पोट भरून खाली उतरणारा गोचीडच उरत नाही. एका मादीची हजारो अंडी, कधी ४००० पर्यंत, पडायचीच थांबतात. एका कुत्र्याला एका चाव्यापासून वाचवण्यात गोळी कमी पडते, घरातली गोचिडांची वस्ती मोडण्यात तिचा हात कोणी धरत नाही. मात्र ‘सगळ्या कुत्र्यांना’ हा शब्द सोडता येत नाही. तिघांपैकी एकाला गोळी आणि दोघांना लिंबाचा पाला, असं केलं तर गोळीचे पैसे वाया गेले समजा.

आता बारीक बाबी. ब्रॅव्हेक्टोवर १२ आठवडे लिहिलेलं असतं, आपण कॅलेंडरवर ‘तीन महिने’ लिहितो. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. १ जूनला दिलेल्या गोळीची मुदत २४ ऑगस्टला संपते. १ सप्टेंबरची वाट पाहिली तर भर पावसाळ्यात आठवडाभर कुत्रा उघडा पडतो. शिवाय फ्लुरॅलॅनर पोटात अन्न असताना नीट शोषलं जातं, म्हणून जेवणासोबत किंवा जेवणाच्या आसपास द्यायचं. रिकाम्या पोटी सकाळी बिस्किटासारखी दिली तर शेवटचे आठवडे कमकुवत जातात. नेक्सगार्ड आणि सिम्पॅरिकाला जेवणाची अट नाही, पण ती महिन्याची. विसराळू घराला १२ आठवड्यांची गोळी बरी. ज्या कुत्र्याला पूर्वी औषधांचा त्रास झाला आहे त्याला पहिल्यांदा महिन्याची द्यावी, काही उलटं घडलं तर औषध शरीरातून लवकर उतरतं.

वजनगट पाहूनच पाकीट घ्यायचं. ब्रॅव्हेक्टोत २ ते ४.५ किलोला ११२.५ मिलिग्रॅम, १० किलोपर्यंत २५०, २० पर्यंत ५००, ४० पर्यंत १०००, ५६ पर्यंत १४००. मोठी गोळी आणून दोन लहान कुत्र्यांत अर्धी-अर्धी वाटायची शक्कल सर्रास चालते. ब्रॅव्हेक्टोच्या माहितीपत्रकात गोळी तोडू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. एकाला कमी गेलं तर गोचीड मरत नाहीत, आणि दोष येतो कंपनीवर. नेक्सगार्ड दिल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा द्यायचा असतो, त्यामुळे गोळी दिल्यावर कुत्र्याला लगेच मोकळं सोडू नये. तो कुठल्या झाडामागे ओकला ते कळत नाही.

धोक्याची बाजू: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये या कुळातल्या सगळ्याच औषधांबद्दल इशारा दिला. काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, फेफरं दिसलं होतं. प्रमाण थोडं आहे, बहुसंख्य कुत्र्यांना काही होत नाही. पण ज्याला आधी झटके येऊन गेले आहेत त्याच्यासाठी ही गोळी दुकानातून परस्पर नेऊ नये, पशुवैद्याला ते सांगूनच निर्णय घ्यावा.

पट्टे आणि थेंब

चाव्याआधी काही करू शकणारा गट हा. यातली कामाची औषधं पायरेथ्रॉइड जातीची: पट्ट्यात फ्लुमेथ्रिन, थेंबांत परमेथ्रिन. ती कातडीवरच्या तेलकट थरात पसरतात. गोचीड अंगावर चढला की पायांना चटका बसल्यासारखा होऊन गळून पडतो किंवा चिकटायच्या आधीच मरतो. सगळेच गळत नाहीत, तरी ३ तासांच्या शर्यतीत हाच गट टिकतो.

किलटिक्स हा आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासून मिळणारा पट्टा, फ्लुमेथ्रिन आणि प्रोपॉक्सर असलेला. गोचिडांवर ७ महिने चालतो असा दावा आहे. तो बांधताना होणाऱ्या चुका ठरलेल्या. मान आणि पट्टा यांत दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवायचा. केसांवरून लोंबत ठेवला तर औषध कातडीला लागतच नाही आणि ‘पट्टा खोटा निघाला’ अशी तक्रार होते. उरलेलं टोक कापून टाकायचं, नाहीतर घरातलं दुसरं पिल्लू ते चावून खातं, आणि प्रोपॉक्सर चावून खायची वस्तू नव्हे. पूर्ण अंगभर औषध पसरायला एकदोन दिवस लागतात, तोवर शेपटीकडच्या आणि पंजांतल्या बोटांमधल्या गोचिडांवर भरवसा ठेवू नये. दर रविवारी शाम्पू लावणाऱ्या घरात पट्ट्याचे ७ महिने भरत नाहीत. पट्टा घातलेल्या कुत्र्याला मिठी मारून झोपणारं लहान मूल घरात असेल तर आम्ही पट्टा सुचवणार नाही, गोळी सुचवू.

थेंबांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच रॅकवर ठेवलेल्या असतात. फिप्रोनिलचे थेंब (फ्रंटलाइन हे त्यातलं ओळखीचं नाव) गोचीड मारतात, पण ४८ तासांच्या हिशेबाने आणि पळवून लावण्याची ताकद नगण्य. परमेथ्रिन असलेले थेंब (ॲडव्हान्टिक्स) पळवतातही. तापाचा विचार केला तर दुसरे सरस. मात्र घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचं नाव काढू नका. मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. कुत्र्याच्या अंगावरचे ओले थेंब चाटले किंवा त्याला बिलगून झोपलं तरी मांजराला झटके येतात, आणि मांजर जातं. ‘थोडेसेच टाका, लहान आहे ना’ असा सल्ला मिळाला तर ते दुकान बदला.

थेंब टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. केस बाजूला सारून थेट कातडीवर टाकायचे. केसांवर चमकणारा ओघळ दिसत असेल तर औषध केसांनी प्यायलं.

धुणं आणि फवारा

अमिट्राझ १२.५ टक्के ही स्वस्त बाटली गोठ्यापासून फ्लॅटपर्यंत सगळीकडे पोचली आहे. गुरांसाठी तिचं प्रमाण लिटरला २ मिलि. १२.५ टक्के म्हणजे एका मिलित १२५ मिलिग्रॅम, तेव्हा लिटरमध्ये २५० मिलिग्रॅम होतं. १५ लिटरच्या पंपाला ३० मिलि. डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के (ब्युटॉक्स) हेही लिटरला २ मिलि, पण त्यात औषध दहापट कमी, लिटरला २५ मिलिग्रॅम. दोन्ही बाटल्यांचं झाकण सारखंच भरायचं म्हणून कोणी एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावलं तरी निभावतं. बाटलीवरची टक्केवारी न वाचता बाजारातलं तिसरंच सायपरमेथ्रिन त्याच झाकणाने ओतलं की हिशेब फसतो.

फवारणीआधी जनावरांना पोटभर पाणी पाजायचं. तहानलेलं जनावर अंग चाटतं. फवारा पाठीवर भुरभुरवून भागत नाही. कानाच्या आत, मानेखालची पोळी, कास, जांघा आणि शेपटीखाली अंग निथळेपर्यंत मारायचा, कारण गोचीड असतात तिथेच. गुरांवरचा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस अळीपासून भरलेल्या मादीपर्यंतचा सगळा प्रवास एकाच जनावरावर सुमारे ३ आठवड्यांत पूर्ण करतो. म्हणून एक फवारणी करून थांबलं तर नंतर चढलेल्या अळ्या सुखाने मोठ्या होतात. या गोचिडात पायरेथ्रॉइडला दाद न देणाऱ्या पिढ्या देशात अनेक ठिकाणी नोंदल्या गेल्या आहेत. फवारणीनंतर दोन दिवसांनीही भरलेले जिवंत गोचीड दिसत असतील तर प्रमाण दुप्पट करायचा मोह टाळून औषधाचा गटच बदलायचा. अमिट्राझ कालवलेलं पाणी उद्यासाठी ठेवू नका, ते बिघडतं. घोड्याला अमिट्राझ लावायचंच नाही, आतडी थांबतात.

पाठीच्या कण्यावर ओतायचं फ्लुमेथ्रिन १ टक्का महाग पडतं, पण १० किलो वजनाला १ मिलि या मापाने माथ्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ ओढली की झालं. ना पंप, ना पाण्याची वाहतूक, ना ओतणाऱ्याच्या डोळ्यांत फवारा. चारपाच गाईंच्या गोठ्याला आम्ही हेच सुचवू.

कुत्र्यावर गुरांची बाटली वापरण्याबद्दल आमचं मत सरळ आहे: नको. अमिट्राझने कुत्रा सुस्तावतो, नाडी मंदावते, रक्तातली साखर चढते. मधुमेही, म्हातारा किंवा पिटुकला कुत्रा असेल तर हे जिवावर बेतू शकतं. याला उतारा आहे, योहिंबीन किंवा ॲटिपॅमेझोल, पण तो जवळच्या दवाखान्यात हाताशी असेलच असं नाही. खरूज-लूत असेल आणि पशुवैद्याने अमिट्राझ लिहून दिलं असेल तर ती गोष्ट निराळी.

गुरांच्या तापाबाबत एक गल्लत किमती ठरते. गोचीडताप म्हटलं की ब्युपारव्हाक्वोनचं इंजेक्शन, असं समीकरण डोक्यात बसलं आहे. ते थायलेरियावर चालतं, आणि थायलेरिया हा एकपेशीय परजीवी. ॲनाप्लाझ्मा मार्जिनाले हा जिवाणू, त्याच्यावर ते फुकट. त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन लागतं, दीर्घ परिणामाचं असेल तर किलोला २० मिलिग्रॅम या हिशेबाने. थायलेरियात खांद्यासमोरच्या गाठी सुजतात, बबेसिया या दुसऱ्या एकपेशीय परजीवीने लघवी तांबडी होते, ॲनाप्लाझ्मात डोळ्यांची आतली त्वचा पांढरी-पिवळी पडते पण लघवी लाल होत नाही आणि जनावर बद्धकोष्ठाने कुंथतं. एवढ्यावर निदान होत नाही, पण कानाच्या शिरेतल्या रक्ताची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची काचपट्टी करून घ्या असं म्हणण्याइतका आधार मिळतो. इंजेक्शन दिल्यावर औषधाच्या खोक्यावर दिलेले दिवस भरेपर्यंत डेअरीला दूध घालायचं नाही.

घर हेही उत्पादनच

कुत्र्यावर दिसतात ते गोचीड एकूण वस्तीचा लहानसा हिस्सा असतो. बाकीचे शहाबादी फरशीच्या सांध्यात, खिडकीच्या चौकटीमागे, पडद्याच्या शिवणीत, कुत्र्याच्या गोणपाटाखाली. हा गोचीड वर चढतो, त्यामुळे छताच्या कोपऱ्यातही पाहावं. प्रौढ गोचीड काही न खाता वर्षभराहून अधिक जगतो, म्हणून ‘घर महिनाभर बंद होतं, सगळे मेले असतील’ हा समज चुकीचा. पेस्ट कंट्रोल करून घेत असाल तर झुरळांचं जेल लावून जाणाऱ्याला गोचिडाचं काम देऊ नका. फटीफटीत द्रावण मारणार का, अंडी त्याने मरत नाहीत म्हणून ३-४ आठवड्यांनी पुन्हा येणार का, आणि ती दुसरी फेरी त्याच पैशांत आहे का, हे आधी विचारा. तीन नाही तर निदान दोन फेऱ्यांचा शब्द घ्या. भेगा सिमेंटने बुजवणं हा उपाय जुना आणि स्वस्त, आणि कुठल्याही औषधाची मुदत त्याच्याइतकी लांब नसते.

चाचणीचं किट

दवाखान्यात बोटभर प्लास्टिकची पट्टी दिसते ती स्नॅप फोर-डीएक्स प्लस किंवा तिच्यासारखी स्वस्त पट्टी. स्नॅपमध्ये रक्ताचे, सीरमचे किंवा प्लाझ्माचे ३ थेंब आणि कॉन्ज्युगेटचे (किटसोबतच्या बाटलीतल्या द्रावणाचे) ४ थेंब मिसळून खाचेत ओततात. रंग खुणेच्या वर्तुळापर्यंत सरकला की कडक आवाज होईपर्यंत दाबायचं आणि ८ मिनिटांनी वाचायचं. किट फ्रिजमधून थेट काढून वापरलं, किंवा वर्तुळाकडे लक्ष न देता उशिरा दाबलं तर निकालावर विश्वास ठेवू नये. तेवढं सांभाळलं तर किट म्हणून बांधणी उत्तम, आणि वाचायला सोपं.

आमची तक्रार तिच्या निवडीबद्दल आहे. चार गोष्टी ती पाहते: हृदयातल्या जंतांचं प्रतिजन, म्हणजे खुद्द जंतांचा अंश, आणि लाइम, एर्लिकिया, ॲनाप्लाझ्मा यांची प्रतिपिंडं, म्हणजे त्यांच्याविरुद्ध कुत्र्याच्या शरीराने बनवलेली प्रथिनं. आपला तपकिरी गोचीड लाइम पसरवत नाही, तेव्हा महाराष्ट्राबाहेर पाऊल न टाकलेल्या कुत्र्यासाठी त्या ठिपक्याचे पैसे जवळपास फुकट. उलट आपल्याकडे जे हमखास पाहायला हवं ते बबेसिया आणि हेपॅटोझून हे एकपेशीय परजीवी या पट्टीत नाहीतच. बबेसिया गिब्सोनाय असलेला कुत्रा ‘टिक टेस्ट निगेटिव्ह’ असा कागद घेऊन घरी जातो, आणि त्याचं हिमोग्लोबिन खाली खाली येत राहतं.

दुसरी अडचण निकालाच्या अर्थाची. ही प्रतिपिंडांची चाचणी आहे. संसर्ग झाल्यावर ती तयार व्हायला आठवडा ते तीन आठवडे लागू शकतात, त्यामुळे पहिल्या तापात निगेटिव्ह येणं अगदी शक्य. आणि एकदा तयार झालेली प्रतिपिंडं आजार बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षं राहतात. उपचार संपल्यावर ‘बरा झाला का’ पाहायला तीच पट्टी पुन्हा लावणं म्हणजे पैसे घालवून घाबरून घेणं. ठणठणीत कुत्र्याची पट्टी पॉझिटिव्ह आली तर आधी रक्ताची पूर्ण मोजणी करा, लगेच डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा २८ दिवसांचा कोर्स लादू नका.

या किटसोबत नेहमी हवी ती प्लेटलेटची मोजणी आणि काचपट्टी. मशीनने ४०,००० सांगितलं की धसका बसतो, पण रक्त काढायला वेळ लागला असेल तर प्लेटलेट गुठळ्या करतात आणि मशीनला त्या दिसत नाहीत. काचपट्टीच्या टोकाला गुठळ्या नाहीत ना ते पाहायचं, मग तेलभिंगाखाली दहा ठिकाणी प्लेटलेट मोजून सरासरी काढायची. एका ठिकाणी दिसणारी प्रत्येक प्लेटलेट म्हणजे मायक्रोलिटरला अंदाजे १५,००० ते २०,०००. सरासरी ३ दिसल्या तर आकडा ४५ ते ६० हजार. हे पाच मिनिटांचं काम न करता पट्टीवर उपचार ठरवणारा दवाखाना आमच्या लेखी अर्धाच. काचपट्टीवर मोनोसाइटमध्ये एर्लिकियाचे पुंजके दिसले तर निदान पक्कं, पण तीव्र अवस्थेतही ते शंभरात चारेक कुत्र्यांतच सापडतात. न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

पीसीआर पॅनेल, म्हणजे रक्तात जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी, महाग, पण पहिल्या आठवड्यातल्या तापाला तेच योग्य. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत रक्त, आणि डॉक्सिसायक्लिनची पहिली गोळी द्यायच्या आधी. औषध सुरू झाल्यावर चार दिवसांनी नमुना पाठवला तर जिवाणू रक्तातून ओसरलेला असतो आणि अहवाल खोटा दिलासा देतो. लॅबच्या यादीत एर्लिकिया, ॲनाप्लाझ्मा, दोन्ही बबेसिया (व्होगेली आणि गिब्सोनाय) आणि हेपॅटोझून अशी पाच नावं आहेत का ते मोजून घ्या. तीनच नावांना ‘संपूर्ण टिक पॅनेल’ म्हणणाऱ्याही लॅब आहेत.

डॉक्सिसायक्लिन

सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त वस्तू ही, आणि एर्लिकियावर अजूनही हिचाच भरवसा. किलोला १० मिलिग्रॅम रोज, एकदम किंवा दोन भागांत, २८ दिवस. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या दोन, एकूण ५६ गोळ्या. ताप बहुधा २४ ते ७२ तासांत उतरतो आणि तिथेच घात होतो. आठव्या दिवशी कुत्रा चपलेशी खेळू लागला की कोर्स थांबतो. एर्लिकिया लक्षणांशिवाय महिनोन्‌महिने दबा धरून राहतो, आणि काही कुत्र्यांत पुढे अस्थिमज्जाच बसते. नाकातून न थांबणारं रक्त, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी तळाला. जर्मन शेफर्डमध्ये ही अवस्था जास्त भीषण होते.

मराठी घरात या गोळीचा मोठा शत्रू म्हणजे वाटी. गोळी दूध-भाकरीत किंवा दहीभातात लपवली जाते, वर कॅल्शियमचं सिरप आणि रक्त वाढावं म्हणून लोहाचं टॉनिक. कॅल्शियम आणि लोह डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतात. अन्नासोबतच द्या, नाहीतर उलटी होते, पण ते अन्न भात-चिकन असू दे. टॉनिकमध्ये किमान दोन तासांचं अंतर. कोरडी गोळी घशात टाकून तोंड मिटवू नका, मागून पाणी जायलाच हवं. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, मांजरात तर नळी आवळून बसते. आणि ७२ तासांत ताप हलला नाही तर डोस वाढवू नका, निदानाकडे परत जा: बबेसिया डॉक्सिसायक्लिनने बरा होत नाही.

माणसांसाठी

कुत्र्याचा ताप कुत्र्याकडून माणसाला थेट लागत नाही. दोघांना चावणारा गोचीड एक असू शकतो. आपल्या देशातला गोचिडाचा टायफस रिकेट्सिया कोनोराय या जिवाणूचा: ताप, असह्य डोकेदुखी, काही दिवसांनी पुरळ, आणि ती तळहात-तळपायांवरही. चाव्याच्या जागी काळी खपली असतेच असं नाही. प्लेटलेट उतरतात म्हणून पावसाळ्यात डेंग्यूच्या रांगेत नंबर लागतो.

इथेही चाचणीचं पाकीट तपासून घ्यावं. वाइल-फेलिक्स ही रक्तातल्या प्रतिपिंडांची जुनी चाचणी स्वस्त, पण सुरुवातीला बऱ्याचदा निगेटिव्ह. तिच्या अहवालात तीन आकडे असतात. ओएक्सके चढलं तर स्क्रब टायफसकडे बोट, ओएक्स१९ आणि ओएक्स२ चढलं तर गोचिडाकडे. ‘स्क्रब टायफस आयजीएम निगेटिव्ह’ हा कागद गोचिडाचा टायफस नाही असं सांगत नाही. स्क्रब माइटच्या अळीमुळे होतो, जिवाणूही वेगळा. सुदैवाने औषध दोन्हींना तेच, मोठ्यांना १०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा, आणि दाट संशय असेल तर डॉक्टर अहवालाची वाट पाहत नाहीत. लहान मुलांनाही हेच औषध दिलं जातं. छोट्या कोर्सने दात पिवळे पडण्याची जुनी भीती आता मागे पडली आहे. महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या दोडामार्ग-सत्तरी भागातला माकडताप मात्र विषाणूचा. गोचीड तिथेही आहे, पण डॉक्सिसायक्लिन त्यावर काही करत नाही.

रानात, गवतात किंवा गोठ्यात जाणाऱ्यांनी डासांचं कोणतंही क्रीम गोचिडासाठी समजू नये. खोक्यावर गोचिडाचं नाव छापलेलं आहे का ते पाहावं. पायजमा मोज्यांत खोचण्याला पैसे पडत नाहीत.

आणि शेवटचं उत्पादन, सगळ्यांत लहान: टोकदार चिमटा किंवा प्लास्टिकचा गोचीड-हुक. भुवया उपटायचा चपट्या टोकाचा चिमटा गोचिडाचं पोट दाबतो आणि आतला माल जखमेत जातो. टोकदार चिमट्याने कातडीला लागून तोंडाजवळ धरायचं आणि एकसंध, सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही. हुक असेल तर कातडीला लावून सरकवायचा आणि गोल फिरवायचा. रॉकेल, उदबत्तीचा चटका, तेल, चुना यांतलं काहीही लावलं की गोचीड सुटायच्या आधी लाळ ओकतो. नखांवर फोडणं तर सर्वांत वाईट, रिकेट्सिया बोटाच्या चिरेतून किंवा चोळलेल्या डोळ्यातून शिरतो. काढलेला गोचीड झाकणाच्या डबीत स्पिरिटमध्ये टाका, हात साबणाने धुवा, आणि झाकणावर तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टर आधी तीच विचारतील.